ट्रॅक्टरला ऑइल बाथ एअर क्लीनर बरा की ड्राय?

आमच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ आहे, नव्याला कागदी फिल्टरवाला ड्राय, दोन्ही वापरून झालेत म्हणून सांगतो. ऑइल बाथमधे हवा खालच्या वाटीतल्या ऑइलवर आपटून वर वळते, धूळ जड असते ती ऑइलमधेच बसते, उरलेली वरच्या जाळीत अडकते. खर्च फारसा नाय, वाटी काढायची, तळाचा चिखल खरवडायचा, डिझेलने धुवायची आणि खुणेपर्यंतच ऑइल भरायचं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं अन मग पांढरा-निळा धूर, मी एकदा केलंय हे😅. पण रेस कमी असली की बारीक धूळ निसटते, आणि ती रिंग-लायनर (पिस्टनवरच्या कड्या अन तो ज्यात फिरतो ती नळी) घासते, तिथून इंजिन ऑइलमधे उतरते अन मग बेअरिंगचीपण वाट.

ड्राय बारीक धूळ जास्त पकडतो, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असेल तर हाच पाहिजे. फक्त चोंदला की काळा धूर आणि पिकअप गायब. हवा मारायची ती आतून बाहेर, कमी प्रेशरने, आपटायचा तर अजिबात नाय. आतला छोटा फिल्टर साफ नाय करायचा, सरळ बदलायचा. रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) जास्त चालत असेल तर धूळ खूप उडते, म्हणून मी ड्रायच घेईन.