लोहचुंबक चिकटलं नाही, मी मात्र चिकटलो

गाडीचा बनावट पार्ट घेऊन फसलो त्याची ही गोष्ट, आणि आधीच सांगतो, चूक माझी पण आहे, त्यामुळं "तुला तेव्हा कळत नव्हतं का" हे विचारू नका, घरात सगळ्यांचं विचारून झालंय.

माझ्याकडं १९८४ ची पोर्शे ९४४ आहे. ऐकायला लई भारी वाटतं पण चाळीस वर्षांची गाडी म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी, आज गुडघा उद्या कंबर. कोल्हापुरात जुन्या गाडीचं वेड नवं नाही, दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक बाहेर निघते तेव्हा तिच्याकडं मान वळवून बघणाऱ्यांत मी लहानपणापासून आहे, तर ते खूळ डोक्यात होतंच. गेल्या पावसाळ्यानंतर पुढून डाव्या बाजूनं खट्ट खट्ट यायला लागलं, मेस्त्रीनं गाडी वर घेऊन चाक हलवलं आणि म्हणाला, लोअर आर्मचे बुश संपलेत, बॉल जॉइंट पण ढिला आहे, आर्म मात्र ठणठणीत आहेत, बुश आणि जॉइंट घाला आणि पळवा. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, बुश म्हणजे त्याच्या टोकातलं रबर, बॉल जॉइंट म्हणजे चाकाकडचा फिरता सांधा.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळच आली नसती.

पण मी रात्री मोबाईल घेऊन बसलो. या गाडीचं असं आहे की सुरुवातीच्या ९४४ ला पुढचे लोअर आर्म पत्रा प्रेस करून बनवलेले स्टीलचे होते, ते मुळात फोक्सवॅगन गोल्फचे, आणि १९८५ च्या मध्यापासून कंपनीनं अ‍ॅल्युमिनियमचे द्यायला सुरुवात केली. हे वाचलं आणि डोक्यात किडा शिरला की आपल्याकडं जुनाट पत्रा आहे आणि नंतरच्या गाड्यांना अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे आपण पण अपग्रेड करायचं. आता कुणी विचारलं की रोज रंकाळा ते शाहूपुरी आणि महिन्यातनं एकदा पन्हाळा करणाऱ्या माणसाला थोडं वजन वाचवून काय मिळणार होतं, तर उत्तर नाही. चकचकीत दिसतंय हेच कारण.

तर शोधता शोधता एक विकणारा सापडला. नाव लिहीत नाही, तशीही त्याची नावं दोन-तीन आहेत. गोड बोलणारा, प्रत्येक वाक्याला सर. "सर ओरिजिनल जर्मन आहे, फोर्ज्ड, टी-सिक्स, तुमच्या एटी फोर मॉडेललाच बसतंय, सर शेवटचीच जोडी आहे." फोर्ज्ड म्हणजे गरम धातू दाबून घडवलेलं, टी-सिक्स म्हणजे उष्णतेची प्रक्रिया देऊन कणखर केलेलं. व्हिडिओ पाठवला. टेबलावर फुलाफुलाचं प्लास्टिक, त्यावर आर्म, आणि अंगठी घातलेला हात त्याला लोहचुंबक लावतोय, चिकटत नाही, मग शेजारच्या पान्याला लावतोय, टक्कन चिकटतं. "बघा सर, प्युअर अ‍ॅल्युमिनियम." मला वाटलं झालं, याच्यापेक्षा मोठा पुरावा काय पायजे. जोडीचे अडतीस हजार सांगितले, घासाघीस करून चौतीसवर आला, सगळे आधी यूपीआयनं, बिल मागितलं तर "सर पार्सलमध्येच टाकतो".

इथं जरा थांबून डोकं चालवायचं होतं. कंपनी ८५ च्या मध्यात अ‍ॅल्युमिनियमवर गेली हे मीच वाचलेलं, मग ८४ च्या गाडीला "ओरिजिनल जर्मन अ‍ॅल्युमिनियम" आलं कुठनं? कंपनीनं जे त्या मॉडेलला कधी दिलंच नाही ते ओरिजिनल कसं असेल? दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, एकमेकींसमोर ठेवल्याच नाहीत.

पार्सल आलं, खोक्यावर जर्मन झेंडा, आत बबल रॅप, आर्मवर लेसरनं नंबर कोरलेला, बिलाच्या जागी एक एस्टिमेटचा कागद, त्यावर जीएसटी नंबर नाही. मेस्त्रीनं हातात घेऊन उलटंसुलटं केलं, "मालक, जुनेच बरे होते बघा" असं एकदाच म्हणाला आणि मी ऐकत नाही म्हटल्यावर बसवले. बसवताना मागचा बुश जरा ठोकून घालावा लागला, तेव्हाही मी म्हटलं नवीन आहे, टाइट असणारच.

तिसऱ्या आठवड्यात पन्हाळ्यावरून उतरताना वाघबीळच्या आधी एका खड्ड्यातनं गाडी गेली आणि तोच आवाज, पण आता वेगळा, कोरडा, कट्ट असा. ब्रेक लावला की स्टिअरिंग थोडं डावीकडं ओढायचं. नशीब चांगलं म्हणून वीसच्या स्पीडनं गावात आलो, बायको शेजारी बसून एक शब्द बोलली नाही आणि तेच जास्त वाईट होतं.

आर्म काढला. बॉल जॉइंट बसतो त्या बोळक्याच्या कडेला केसाएवढी रेघ. मेस्त्री म्हणाला हे माझं काम नव्हे, चला उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात.

उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत, आयुष्यभर ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचे नमुने, बनवले, आता मुलगा बघतोय आणि हे खुर्ची टाकून बसतात. त्यांनी आर्म हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, अंगठा कडेवरून फिरवला आणि पहिलं वाक्य काय, तर "कुणी ओतलंय रं हे?"

म्हटलं अण्णा, फोर्ज्ड आहे.

"कशाचं फोर्ज्ड. ही बघ पार्टिंग लाइन, साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, ग्राइंडरनं घासली आहे पण इथं आतल्या कोपऱ्यात र्‍हायलीय. आणि हितं रायझर, जादा माल भरायचा खांब, तोडलाय." मुलाला हाक मारली, फाइल आणायला सांगितली. वरची चमक घासली तशी खाली टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसायला लागली, एक नाही, पंधरा-वीस. ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेली भोकं. मग शेजारच्या फाउंड्रीत नेऊन तडे शोधायची डीपी टेस्ट केली, लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरा स्प्रे, आणि दोन मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू वर आली. मला एकच तडा दिसत होता, निघाले तीन.

पण अण्णांनी जे शेवटी दाखवलं ते मी विसरणार नाही. त्यांनी बोल्टाच्या भोकाभोवतीचा गोल दाखवला, एका बाजूला भिंत जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, भोक मधोमध नाहीच. मी म्हटलं ड्रिल चुकलं असेल. ते म्हणाले ड्रिल बरोबर आहे, माल चुकलाय. अ‍ॅल्युमिनियम थिजून गार होताना आकसतं, मीटरला साधारण तेरा मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो, ह्या गड्यानं पॅटर्न केलाच नाही, जुना स्टीलचा आर्मच घेतला, मागची पोकळी भरली, जाडी वाढवली आणि तोच वाळूत दाबला. ओतीव आकसून आली, तीनशे मिलिमीटरला चार मिलिमीटर गेले, मग भोकं मात्र खऱ्या मापानं पाडली म्हणून ती एका कडेला सरकली. बुश का ठोकावा लागला ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

आमच्या कोल्हापुरात शिरोलीपासून गोकुळ शिरगावापर्यंत रोज ओतकामाच्या भट्ट्या पेटतात, आणि त्या गावच्या माणसाला कुणीतरी वाळूत ओतलेला माल फोर्ज्ड म्हणून विकला. अण्णा हसले नाहीत, त्यांचा मुलगा हसला.

आता लोहचुंबकाचं. ते खोटं बोललं नव्हतं, धातू अ‍ॅल्युमिनियमच होता. पण लोहचुंबक फार तर हे लोखंड नव्हे एवढंच सांगतं, माल कसा घडवला ते सांगत नाही. चांगल्या फोर्जिंगमध्ये गरम धातू दाबून घडवतात, आत पोकळी राहत नाही. इथं बहुतेक एलएम सिक्ससारखा भांड्याकुंड्याला चालणारा, साच्यात सहज पळणारा माल ओतला होता, असा अण्णांचा अंदाज. अ‍ॅल्युमिनियम वाईट असं मी म्हणत नाही. वजनाला ते स्टीलच्या एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच, म्हणून आर्म जाड करावा लागतो आणि नीट घडवावा लागतो. कंपनीच्या खऱ्या अ‍ॅल्युमिनियम आर्मची पण एक भानगड आहे, त्याचा बॉल जॉइंट कंपनी वेगळा देत नाही, संपला की अख्खा आर्म नाहीतर बाहेरचं रिपेअर किट. आमच्या पत्र्याच्या आर्मला जॉइंटचे रिवेट ड्रिल करून काढायचे आणि नवा बोल्टनं बसवायचा, विषय संपला. आणि पत्रा खड्ड्यात आपटला तर बऱ्याचदा आधी वाकतो, अलाइनमेंट बिघडते, टायर खातो, म्हणजे सांगतो तरी. याच्यासारखा गप्प राहून तडकत नाही. फक्त पत्र्याला बुशच्या टोकांकडं गंज बघत राहायचा, आपल्याकडच्या पावसात तर नक्कीच.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी "सर तुमच्या मेस्त्रीनं ठोकून बसवलं", मग "फिट केलेला माल रिटर्न नाही", मग दोन निळ्या टिका आणि शांतता, मग ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन केला, ऑनलाइन तक्रार टाकली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला पण नोंदवली. चौतीस हजार अजून आलेले नाहीत. तक्रार करताना पहिलं काय मागतात, बिल. एस्टिमेटचा कागद दाखवला तर समोरच्याच्या आवाजावरूनच कळतं.

मेस्त्रीनं माझे जुने आर्म भंगारात घातले नव्हते, मागच्या रॅकवर पोत्यात बांधून ठेवलेले. म्हणाला, तुम्ही परत येणार माहीत होतं. बुश, बॉल जॉइंट, मजुरी, अलाइनमेंट, सगळं मिळून साडेनऊ हजार. गाडी आता गगनबावड्यापर्यंत जाऊन आली.

परवा एका ओळखीच्यानं लिंक पाठवली, बघ रे हे चांगलं वाटतंय का, त्याच्या जुन्या मर्सिडीजसाठी अ‍ॅल्युमिनियमचे आर्म. अकाउंटचं नाव नवीन. व्हिडिओ लावला, अंगठी घातलेला हात, लोहचुंबक, पाना, आणि टेबलावर तेच फुलाफुलाचं प्लास्टिक.