वईला (कुंपणाला) घाणेरी की धायटी?

गोव्यात सत्तरी-सांग्याच्या डोंगरउतारांवर घाणेरी सहज रुजते. काही जण तिला टणटणी म्हणतात. ती जवळजवळ वर्षभर फुलते, फुलपाखरे येतात, गुरे सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून बागायतदाराला ती आयती वई वाटते. पण ही मूळची अमेरिका खंडातली, शोभेसाठी आणलेली. पक्षी तिच्या बिया रानभर नेतात आणि दाट जाळीखाली गवत, रानातली रोपे उगवेनाशी होतात. चाऱ्याअभावी गुरांनी पाला खाल्लाच, तर त्यांचे यकृत बिघडते.

धायटी आपल्या मातीतली. तिला काटे नाहीत, वईसाठी दाटी कमी, हे मान्य. पण उन्हाळ्याच्या तोंडावर फांद्या लालभडक नळीदार फुलांनी भरतात आणि मधासाठी शिंजीर पक्षी येतात. सुकवलेली फुले वैद्य धातकी म्हणून आसव-अरिष्टे ही पातळ औषधे आंबवायला वापरतात. खडकाळ उतारावर ती तग धरते, माती धरून ठेवते.

मी धायटीच लावेन. घाणेरी मात्र नुसती छाटू नका, बुंध्यातून पुन्हा फुटते. मुळाचा गड्डा उपटून उलटा टाका, तोही फळे पिकून काळी होण्याआधी.