जनुकांवरून आहार ठरवणारी चाचणी : अहवाल किती भरवशाचा?

गेल्या दिवाळीनंतर दादाची मधुमेहाची औषधे वाढली, तेव्हा त्याने आणि मी जनुकांवरून आहार सुचवणाऱ्या एका कंपनीची चाचणी करून घेतली. अर्धा तास काही न खाता-पिता नळीत लाळ गोळा करायची, ती कुरियरने पाठवायची आणि ५ आठवड्यांनी ४० पानांचा अहवाल वाचून आहारतज्ज्ञ बाईंशी २० मिनिटे बोलायचे, या सगळ्याला माणशी ७,००० रुपये पडले. असे अहवाल विकणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत आणि माझे म्हणणे अहवालातल्या विधानांविषयी आहे, म्हणून कंपनीचे नाव इथे देत नाही.

अहवालातले चवीचे प्रकरण मी सर्वांत बारकाईने वाचले, कारण त्यामागचे शास्त्र पक्के आहे. १९३१ साली अमेरिकेतील ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स पीटीसी नावाचे रसायन बाटलीत भरत असताना त्याची भुकटी हवेत उडाली. जवळच्या सहकाऱ्याचे तोंड कडू झाले, पण स्वतः फॉक्स यांना कसलीच चव लागली नाही. माणसामाणसांतल्या या फरकामागचे मुख्य जनुक सातव्या गुणसूत्रावरचे टीएएस२आर३८ आहे, हे २००३ साली उलगडले. त्याची पीएव्ही ही आवृत्ती असलेल्यांना पीटीसी कडू लागते आणि दोन्ही पालकांकडून एव्हीआय आवृत्ती मिळालेल्यांना सहसा लागत नाही. अहवालानुसार माझ्याकडे दोन्हींची एकेक प्रत होती आणि दादाकडे दोन्ही एव्हीआय. पडताळणीसाठी मी शाळांच्या प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून पीटीसीच्या पट्ट्या आणल्या. मला जिभेवर कडुलिंबाचा पाला चघळल्यासारखे झाले. दादाने पट्टी चावून चावून मऊ केली आणि हा नुसता कागदच आहे ना, असे मनापासून विचारले. आईने मात्र ती लगेच थुंकून गुळाचा खडा तोंडात टाकला. कंपनीने जनुके बरोबर वाचली होती, हे त्यामुळे मान्य करावे लागते, मात्र तेवढेच जाणून घ्यायचे असेल तर १०० पट्ट्यांचे पाकीट ३०० रुपयांत मिळते.

पुढच्याच पानावर, या जनुकामुळे तुम्हाला कारले आणि मेथी जास्त कडू लागेल, असे वाक्य आहे आणि तिथे अहवाल घसरतो. माणसाच्या जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात आणि टीएएस२आर३८चा ग्राहक प्रामुख्याने पीटीसीसारख्या, गंधक असलेल्या ठरावीक रचनेच्या रेणूंना प्रतिसाद देतो. असे रेणू कोबी, मुळा, नवलकोल आणि मोहरीचा पाला या एकाच कुळातल्या भाज्यांमध्ये तयार होतात. कारल्याचा कडूपणा अगदी वेगळ्या रेणूंचा असतो, त्यामुळे या जनुकावरून कारल्याबद्दल भाकीत करता येत नाही. मराठी घरांसाठी अहवाल लिहायचा तर पानात नेमकी कोणती भाजी असते आणि तिच्यात काय असते, एवढे तरी तपासायला हवे होते.

त्याहून गंभीर उडी लठ्ठपणाच्या प्रकरणात आहे. कडू चव न कळणाऱ्यांना तेलकट पदार्थ अधिक आवडतात, सबब दादाला लठ्ठपणाचा धोका जास्त, असे तिथे ठामपणे लिहिले आहे. काही अभ्यासांत, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, असा संबंध दिसला आहे, पण इतर अनेक अभ्यासांत तो दिसलेला नाही. एवढ्या डळमळीत आधारावर एखाद्याला धोक्याच्या यादीत घालणे मला गैर वाटते. आमच्या घरात सडपातळ आहे तो दादाच, आणि कडू चवीला सर्वांत संवेदनशील जीभ असलेल्या आईचे वजन सर्वांत जास्त आहे, कारण कोबीचा उग्रपणा मोडण्यासाठी ती भाजीत सढळ हाताने गूळ, दाण्याचे कूट आणि तेल घालत आली आहे. एका घरावरून नियम निघत नाही हे खरे, पण संवेदनशील जीभ माणसाला भाजीकडे नेण्याऐवजी गुळाकडेही नेऊ शकते, ही शक्यता अहवालाला सुचलेलीच नाही.

लठ्ठपणाशी जोडल्या जाणाऱ्या एफटीओ या जनुकाबाबत अहवालात लाल अक्षरांत इशारा होता. २००७ साली युरोपीय लोकांमध्ये या जनुकातील धोक्याच्या प्रकाराच्या दोन प्रती असणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे ३ किलो जास्त आढळले, तेवढाच त्याचा आवाका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भारतीयांमध्ये या जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध केवळ वजनातून उलगडत नाही असे दिसले होते, आणि सडपातळ असूनही मधुमेही असलेल्या दादाला सांगण्यासारखी हीच गोष्ट अहवालात नव्हती. जनुकांनुसार कमी स्निग्धांशाचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार निवडण्याचा सल्लाही असाच डळमळीत आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या ६०९ जणांच्या चाचणीत १२ महिन्यांनी या दोन्ही आहारांच्या गटांचे वजन सरासरी ५.३ आणि ६ किलो उतरले होते, आणि कोणाला कोणता आहार मानवेल याचा अंदाज तपासलेल्या जनुकांवरून बांधता आला नव्हता.

आहारतज्ज्ञ बाईंशी झालेले बोलणे मात्र मोलाचे ठरले. त्यांनी अहवाल बाजूला ठेवून महिन्याला किती लिटर तेल लागते, दादा रात्री किती वाजता जेवतो, भाताबरोबर पोळी असते का, हे विचारले आणि कोबी परततानाच थोडे मीठ घातले तर कडूपणा दबतो, मग गूळ निम्मा करता येतो, हे आईला समजावले. ती २० मिनिटे वेगळी विकत मिळत असती तर मी दर तीन महिन्यांनी घेतली असती, पण लाळेच्या नळीशिवाय ती मिळत नाहीत. कारल्याचे वाक्य मी कंपनीला कळवले होते. गेल्या महिन्यात आलेल्या सुधारित अहवालात ते तसेच आहे.