चाहत्यांनी ठरवलेला ‘वर्षातील सर्वोत्तम खेळाडू’ : मतदानासाठी गुगल फॉर्म्स कितपत उपयोगी?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल सामन्यांना हंगामभर हजेरी लावणाऱ्या, वेगवेगळ्या संघांना मानणाऱ्या आम्हा काही समर्थकांनी मिळून ‘वर्षातील सर्वोत्तम खेळाडू’ हा पुरस्कार सुरू केला आणि त्याचे मतदान गुगल फॉर्म्स या ऑनलाइन प्रश्नावली बनवण्याच्या मोफत सेवेवर घेतले. असा पुरस्कार सुरू करू पाहणाऱ्या इतर मंडळांना आणि समर्थक गटांना उपयोग व्हावा, म्हणून या सेवेचे हे परीक्षण लिहीत आहे. सर्वसाधारण माहिती गोळा करण्यासाठी हे साधन कसे आहे, याची चर्चा मी करणार नाही. पेठापेठांत विभागलेल्या, आपल्या संघासाठी जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांचे मत त्यातून प्रामाणिकपणे मोजता येते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्याकडे पुरस्कारांची वानवा नाही. स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर सामनावीर, लढवय्या, उत्कृष्ट गोलरक्षक, उत्कृष्ट बचावपटू अशी बक्षिसे दिली जातात आणि ती द्यायलाच हवीत. मात्र ती त्या त्या स्पर्धेपुरती असतात आणि निवड संयोजकांच्या हाती असते. के.एस.ए. (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगच्या पहिल्या सामन्यापासून हंगामातील शेवटच्या चषकापर्यंत उन्हातान्हात बसून सगळे पाहिलेल्या प्रेक्षकाला मात्र आपले मत नोंदवायला जागा नसते. या मताचे मोल वेगळे आहे, असे मी ठामपणे मानतो. जगातील सर्वांत प्रतिष्ठित वैयक्तिक पुरस्कार असलेला बॅलन डी’ऑर आजवर एकाच पुरुष गोलरक्षकाला मिळाला, तो १९६३ मध्ये लेव्ह याशिनला. याउलट मँचेस्टर युनायटेडचे समर्थक १९८७-८८ च्या हंगामापासून आपल्या मतांनी जो सर मॅट बस्बी पुरस्कार देतात, तो डेव्हिड डी गेआ या गोलरक्षकाला चार वेळा मिळाला. दर आठवड्याला संघ पाहणाऱ्या माणसाला वाचवलेला गोलही तितकाच लक्षात राहतो. हे मत मोलाचे असेल, तर ते मोजण्याची पद्धतही तितक्याच काळजीने निवडली पाहिजे.

पहिली सूचना बहुतेक ठिकाणी येते तशी आमच्याकडेही व्हॉट्सॲपच्या पोलची आली. तो पर्याय आम्ही बाजूला ठेवला आणि इतरांनीही ठेवावा, असे माझे मत आहे. त्यात जास्तीत जास्त बारा पर्याय देता येतात, हा त्यातला लहान दोष. कोणी कोणाला मत दिले हे गटातील सर्वांना दिसते आणि चालू मोजणीही सर्वांसमोर राहते, हा मोठा दोष. ज्या गावात माणसाची ओळख त्याच्या तालमीवरून, म्हणजे पेठेतल्या मंडळावरून ठरते, तिथे प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूला उघडपणे मत द्यायला फार थोडे लोक धजावतील. गुगल फॉर्म्समध्ये मत इतर मतदारांपासून गुप्त राहते आणि निकालाचा गोषवारा मतदारांना दाखवण्याची सोय आपण सुरू केली नाही, तर कोण पुढे आहे हेही शेवटपर्यंत कळत नाही. आमच्यासारख्या कामाला हा एक गुण पुरेसा आहे.

मतदानाच्या दोन फेऱ्या असाव्यात. पहिल्या फेरीत नावे सुचवायची आणि दुसरीत त्यांतून निवड करायची. नावे सुचवण्यासाठी मोकळी चौकट देण्याचा मोह होतो, तो टाळावा. ऋषिकेश, ऋषीकेश, हृषिकेश आणि रोमन लिपीतले दोनतीन प्रकार अशी एकाच खेळाडूची नावे तक्त्यात वेगवेगळ्या ओळींत येऊन पडतात आणि ती जुळवत बसावे लागते. त्यापेक्षा के.एस.ए.च्या वरिष्ठ गटातील संघांची नावे खाली उघडणाऱ्या यादीत द्यावीत, संघ निवडला की त्याच संघाच्या खेळाडूंची यादी असलेला विभाग उघडावा, अशी रचना करावी. उत्तरानुसार पुढचा विभाग बदलण्याची ही सोय फॉर्ममध्ये उत्तम चालते. १६ संघांचे विभाग बनवायला वेळ लागतो खरा, पण पुढच्या हंगामात त्याच फॉर्मची प्रत काढून फक्त नावे बदलायची असतात.

खरी कसोटी दुसऱ्या फेरीत लागते. प्रत्येकाने तीन खेळाडू क्रमाने निवडायचे आणि पहिल्या पसंतीला पाच, दुसरीला तीन, तिसरीला एक गुण द्यायचा, ही फिफाच्या ‘द बेस्ट’ पुरस्काराची पद्धत आम्ही घेतली. एकच मत असले की मतदार आपल्या संघापलीकडे पाहतच नाही. तीन पसंत्या असल्या की त्याला इतरांचाही विचार करावा लागतो. गुगल फॉर्म्समध्ये पसंतीक्रमासाठी स्वतंत्र प्रश्नप्रकार नाही. त्याऐवजी बहुपर्यायी जाळीचा प्रश्न वापरावा लागतो आणि तो कसा मांडायचा, यावर सगळे अवलंबून असते. पसंतीक्रम आडव्या ओळींत आणि दहा खेळाडू उभ्या स्तंभांत मांडले, तर मोबाइलवर स्तंभ पडद्याबाहेर जातात, बोटाने सरकवल्याशिवाय शेवटची नावे दिसत नाहीत आणि त्या खेळाडूंवर अन्याय होतो. म्हणून खेळाडू ओळींत घ्यावेत आणि पहिली, दुसरी, तिसरी पसंती असे तीनच स्तंभ ठेवावेत. त्यानंतर ‘प्रत्येक स्तंभात एकच उत्तर’ ही मर्यादा सुरू करावी, म्हणजे एकाच मतदाराला दोन खेळाडूंना पहिली पसंती देता येत नाही. ओळींचा क्रम आपोआप बदलत राहण्याची सोयही सुरू ठेवावी, म्हणजे वरच्या नावाला आयता लाभ मिळत नाही.

याच मांडणीत या साधनाची एक उणीव दडलेली आहे. प्रत्येक ओळीत उत्तर सक्तीचे केले, तर दहा ओळी आणि तीन स्तंभ यांचा मेळच बसत नाही आणि फॉर्म कोणालाही पाठवता येत नाही. सक्ती काढली, तर एकच पसंती नोंदवून बाकीच्या दोन कोऱ्या सोडणाऱ्यांना अडवता येत नाही. आपल्या खेळाडूला पाच गुण द्यायचे आणि इतर कोणालाही काहीच मिळू द्यायचे नाही, हा डाव खेळायला ही फट पुरेशी आहे. तिन्ही पसंत्या नसतील तर मत बाद होईल, असे प्रश्नाच्या वर ठळकपणे लिहावे आणि मोजणीत तो नियम काटेकोरपणे पाळावा, एवढेच आपल्या हाती उरते.

आपल्याच संघाच्या खेळाडूला मत देता यावे का, हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक तापला. इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंची संघटना १९७४ पासून जो पुरस्कार देते, त्यात खेळाडूंना स्वतःच्या क्लबमधील सहकाऱ्याला मत देता येत नाही. हाच नियम समर्थकांना लावावा, असे माझे मत होते आणि आजही आहे. फॉर्ममध्ये तो सहज बसतो: सुरुवातीला आपण कोणत्या संघाचे समर्थक ते विचारायचे आणि त्या संघाचे खेळाडू वगळलेल्या जाळीकडे मतदाराला न्यायचे. मात्र नुसत्या या नियमाने न्याय होत नाही. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस यांसारख्या संघांमागे मोठा समर्थकवर्ग आहे आणि ज्याच्या संघाला समर्थक जास्त, त्याच खेळाडूची सर्वाधिक संभाव्य मते या नियमामुळे जातात. यावर उपाय म्हणून प्रत्येक संघाच्या समर्थकांनी दिलेल्या गुणांची टक्केवारी काढायची आणि सर्व संघांना समान वजन द्यायचे, मग एका संघाकडून पाचशे मते आलेली असोत की पन्नास. ‘द बेस्ट’मध्येही कर्णधार, प्रशिक्षक, पत्रकार आणि चाहते या चार गटांना मतदारांची संख्या न पाहता प्रत्येकी २५ टक्के वजन दिले जाते. प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडून झालेले कौतुक हेच आमच्या पुरस्काराचे वैशिष्ट्य ठरावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

ही आकडेमोड फॉर्म स्वतः करत नाही. तो फक्त स्तंभालेख दाखवतो. पण फॉर्मला गुगल शीट्सचा तक्ता जोडला, की सर्व उत्तरे वेळेच्या नोंदीसह त्यात आपोआप जमा होतात आणि तिथे साध्या सूत्रांनी काम होते. विभाग वेगवेगळे केल्यामुळे एकाच खेळाडूचे गुण अनेक स्तंभांत विखुरतात, ते एकत्र आणण्यासाठी शाळेच्या निकालपत्रकाचा सराव असलेला एखादा शिक्षक गटात असला की चिंता मिटते. तक्ता प्रत्येक संघाच्या एकेका प्रतिनिधीला केवळ पाहण्यासाठी खुला करावा. तक्त्यात कोणी हात घातलाच, तर बदलांचा इतिहास तिथे राहतो आणि फॉर्ममधील मूळ उत्तरे तशीच राहतात, त्यामुळे ताळा करून पाहता येतो. निकालावरून वाद होणार हे गृहीत धरून चाललेल्या गटासाठी हा मोठा आधार आहे.

एका माणसाचे एकच मत, याची हमी मात्र हे साधन देत नाही. एकच प्रतिसाद घेण्याची मर्यादा घातली की मतदाराला गुगल खात्यात प्रवेश करावा लागतो आणि एका खात्यावरून एकच मत जाते. पण एका माणसाची तीन खाती असली, तर तीन मते जाऊ शकतात; उलट, घरात एकाच फोनवर एकच खाते असले, तर वडिलांनी मत दिल्यावर मुलाला देता येत नाही. संघाबद्दल खोटी माहिती देऊन स्वतःच्या खेळाडूला मत देणाऱ्यालाही फॉर्म ओळखू शकत नाही. ईमेल नोंदवून घेतल्यास पडताळणी करता येते, पण मग कोणी कोणाला मत दिले हे फॉर्म चालवणाऱ्यांना दिसते. आमच्यासारख्या गटाने ईमेल घ्यावेत, पण ते स्तंभ प्रतिनिधींना दाखवल्या जाणाऱ्या तक्त्यात आणू नयेत आणि तसे मतदारांना आधीच सांगावे, असे मला वाटते.

आणखी एक वर्ग या साधनाच्या बाहेर राहतो आणि त्याची मला सर्वाधिक काळजी आहे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे बसणारे कित्येक ज्येष्ठ प्रेक्षक असे आहेत, की ज्यांच्याकडे स्मार्टफोन असला तरी खाते, पासवर्ड या गोष्टी मुलांच्या हाती असतात. चार पिढ्यांचे खेळाडू पाहिलेल्या या माणसांच्या मताशिवाय पुरस्कार अपुरा राहील. त्यांच्यासाठी तीच जाळी कागदावर छापून मैदानावर मतपेटी ठेवावी आणि ती मते दोन वेगवेगळ्या संघांच्या समर्थकांनी मिळून तक्त्यात भरावीत. मराठी मजकूर फॉर्ममध्ये नीट दिसतो आणि छापूनही नीट येतो, त्यामुळे कागदी आणि मोबाइलवरील मतपत्रिका सारखीच ठेवता येते. जाळीच्या प्रश्नात खेळाडूंची छायाचित्रे मात्र घालता येत नाहीत. ती वर स्वतंत्रपणे, जर्सीच्या क्रमांकासह द्यावीत, कारण मैदानावरचे अनेक खेळाडू लोकांना नावापेक्षा क्रमांकानेच ठाऊक असतात.

काही शे मतदारांच्या, एकमेकांना बऱ्यापैकी ओळखणाऱ्या समर्थक गटासाठी मी गुगल फॉर्म्सची शिफारस नि:शंकपणे करतो. पैसे लागत नाहीत, शिकायला अवघड नाही आणि हिशेब उघडा ठेवता येतो. दुवा समाजमाध्यमांवर सर्वांसाठी मोकळा सोडून हजारो अनोळखी लोकांचे मतदान घ्यायचे असेल, तर मात्र केवळ या साधनावर विसंबू नये. तिथे सभासद यादी किंवा सामन्याच्या तिकिटाशी मत जोडण्याची वेगळी व्यवस्था लागेल. मतदानाची मुदत लीग संपल्यावर नव्हे, तर हंगामातील शेवटच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतरच सुरू करावी, ती आठवडाभरापेक्षा लांबवू नये आणि निकाल जाहीर होऊन हरकती मिटल्या की जमा झालेले ईमेल काढून टाकावेत.