हल्ल्याचे बटण झिजले तेव्हा: ‘द हिनोकामी क्रॉनिकल्स’चा आठ महिन्यांचा अनुभव

जूनमधल्या एका रविवारी, ‘द हिनोकामी क्रॉनिकल्स’ या व्हिडिओ गेममधल्या नातागुमो पर्वतावर, कोळ्यासारखे जाळे विणणाऱ्या रुई या राक्षसाशी चौथ्यांदा लढत असताना, माझ्या तान्जिरोने, म्हणजे गेमच्या नायकाने, तलवार चालवणे अचानक थांबवले. तो धावत होता, उड्या मारत होता, बचावही करत होता, पण हल्ल्याचे बटण कितीही दाबले तरी चार-पाच दाबांतून एखादाच घाव पडत होता. हा रुईच्या कोळिष्टकांचाच काही परिणाम असावा, असे मला आधी वाटले आणि दोन मिनिटे मी गेमला मनातल्या मनात दादही दिली. मग मेनू उघडून पाहिल्यावर तिथेही ते बटण रुसलेलेच दिसले. गेम ठीक होता, कंट्रोलर गेला होता. हा अनुभव लिहायला बसलो आहे तो या एका बटणामुळे, आणि पुढे त्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा आला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गेमची ओळख करून देण्याची फारशी गरज नाही. राक्षसांशी लढणाऱ्या तलवारबाजांच्या ‘डीमन स्लेअर’ची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) २०१६ ते २०२० या काळात आली, तिचे २३ खंड झाले, २०१९ मध्ये युफोटेबल स्टुडिओची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये फुकुओका येथील सायबरकनेक्ट२ या कंपनीने केलेला हा गेम आला. ‘नारुटो’चे ‘अल्टिमेट निन्जा स्टॉर्म’ गेम यांनीच केले होते, त्यामुळे ते खेळलेल्याला इथला रिंगणातील लढाईचा थाट अनोळखी वाटणार नाही. मी मात्र घाई केली नाही. कोणताही गेम पहिल्या दिवशीच्या किमतीला घ्यायचा नाही, हा माझा जुना नियम आहे. गेल्या डिसेंबरच्या सेलमध्ये तो निम्म्याहून कमी किमतीत मिळाला, आणि वाचलेल्या पैशांतून १,८०० रुपयांचा कंट्रोलर घेतला. ही बचत पुढे कशी अंगाशी आली, ते सांगतोच.

पहिल्या दोन महिन्यांतले माझे मत विचारले असते, तर ‘दिसायला राजबिंडा, खेळायला उथळ’ एवढेच म्हणालो असतो. दिसण्याबद्दल आजही दुमत नाही. तान्जिरो जलश्वासाचा, म्हणजे या मालिकेतल्या श्वासावर आधारलेल्या तलवारविद्येचा, वार करतो तेव्हा तलवारीमागून उठणारे पाणी खऱ्या पाण्यासारखे चकाकत नाही. त्याला जपानी लाकडी ठशांच्या चित्रांतल्या लाटांसारखी जाड काळी रेघ असते, आत निळ्याच्या सपाट छटा असतात आणि कडेला पांढऱ्या फेसाचे वळसे. वार पुरा झाला की ती लाट क्षणभर हवेत तरंगते आणि मग शाई विरावी तशी विरते. युफोटेबलने पडद्यावर जे केले, तेच हातातल्या कळीवर नाचताना पाहणे हा या गेमचा सगळ्यात मोठा आनंद आहे, आणि तो आठ महिन्यांनंतरही शिळा झालेला नाही. आवाज मूळ मालिकेतल्या कलाकारांचेच आहेत. मी सगळा गेम जपानीत, इंग्रजी उपशीर्षके लावून खेळलो.

उथळ वाटण्याचे कारण तेच बटण. या गेममध्ये साध्या घावांसाठी एकच बटण आहे. ते दाबत राहिले की तलवारीचे घाव एकामागून एक पडतात, शत्रू कोलमडतो, तो उठला की पुन्हा दाबायचे. कथेतले सुरुवातीचे राक्षस एवढ्यावरच मरतात. त्यामुळे सवय लागली ती कुटण्याची. रात्री जेवणानंतर तासभर मी ते बटण अक्षरशः मिरची कांडावी तसे कुटत असे, आणि वर पुन्हा गेममध्ये खोली नाही अशी तक्रार करत असे.

कथाविभागाबद्दल माझी नाराजी आजही कायम आहे, पण ती थोडक्यात सांगतो. आठ प्रकरणांत साबितो या तलवारबाजाशी होणाऱ्या लढतीपासून मुगेन रेल्वेगाडीतल्या लढाईपर्यंतचा भाग येतो. लढायांच्या मधल्या जागेत तान्जिरोला वास हुंगत हुंगत रिकाम्या वाटांवरून चालवावे लागते, आणि ते चालणे इतके संथ आहे की आमच्या सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक प्रभातफेरीत त्याला सहज मागे टाकतील. जिथे कथेचा जीव आहे तिथे मात्र हात आखडता घेतला आहे. तान्जिरोच्या कुटुंबाचा संहार, ज्यावर सगळी मालिका उभी आहे, तो इथे ‘आठवणींचे तुकडे’ म्हणून स्थिर चित्रांतून दाखवला जातो. ज्याने मालिका पाहिलेली नाही, त्याला या मुलाच्या रागाचे मूळ काय, हे चालून चालून गोळा करावे लागते. पात्रांबाबतही तेच. गेम आला तेव्हा १८ पात्रे होती, पण त्यांतली सहा त्याच मंडळींची शाळेच्या विनोदी कथांमधली रूपे, आणि तान्जिरोची राक्षस झालेली बहीण नेझुको सोडली तर खेळायला राक्षस एकही नाही. रुई, आकाझा आणि इतर काही राक्षस नंतरच्या विनामूल्य अपडेटमधून आले. मी उशिरा घेतल्यामुळे मला ते आयतेच मिळाले; पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्यांचे मला आजही वाईट वाटते.

पहिली टोचणी मे महिन्यात बसली. भाचा सुट्टीला आला होता, वय वर्षे तेरा. त्याने झेनित्सु घेतला, मी रेन्गोकू; दोघेही तान्जिरोच्या बाजूचे तलवारबाज. मालिका पाहिलेल्यांना ठाऊकच आहे की मेघगर्जना श्वासाच्या सहा प्रकारांपैकी झेनित्सुला पहिला एकच साधलेला असतो आणि तो झोपेत लढतो. भाचा तसाच शांत बसून राहायचा, मागे सरकायचा, बचाव धरायचा, आणि माझ्या घावांची माळ संपून क्षणभर उसंत मिळाली की पिवळ्या विजेसारखा आरपार निघून जायचा. मी ओळीने अकरा सामने हरलो. बाराव्याच्या आधी तो म्हणाला, “मामा, तू खेळत नाहीस, नुसतं बटण कुटतोस.” मी त्याला आंबे कापून आणायला स्वयंपाकघरात पाठवले आणि विषय तिथेच संपवला.

त्यानंतर जूनमध्ये बटण गेले. कंट्रोलर वॉरंटीत होता, म्हणून पावती आणि मूळ खोके घेऊन अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तिथल्या गृहस्थांनी तो १९ दिवस ठेवून घेतला आणि ‘भौतिक झीज, वॉरंटीत समाविष्ट नाही’ असा शिक्का मारलेला कागद जोडून जसाच्या तसा परत दिला. सात महिन्यांत बटण झिजत असेल तर वॉरंटी नेमकी कशाची, असे मी विचारले. त्यावर बटण सोडून इतर सगळ्या भागांची, असे उत्तर मिळाले. बटण सोडून कंट्रोलरमध्ये उरते काय, हा प्रश्न मी तीन ईमेलांमधून विचारला. तिन्हींना एकच छापील उत्तर आले. नवा कंट्रोलर घेणे म्हणजे त्या शिक्क्याला मान तुकवणे, म्हणून मी तो घेतला नाही. यात काटकसर किती आणि हट्ट किती, हे घरच्यांना विचारावे लागेल.

भाच्याने फोनवर उपाय सांगितला. स्टीममध्ये, म्हणजे संगणकावर ज्यातून हा गेम चालतो त्या सेवेत, कोणत्याही बटणाचे काम दुसऱ्या बटणावर टाकता येते. पण अंगठ्याखालच्या बाकी तिन्ही बटणांना आधीच कामे नेमलेली होती, म्हणून हल्ला न्यावा लागला खांद्यावरच्या एका बटणावर, तर्जनीखाली. आणि तर्जनीने काही कुटता येत नाही. सेकंदाला दोन-तीन दाबांच्या वर माझे बोट जाईना. पहिले दोन दिवस मी साध्या राक्षसांकडूनही मार खाल्ला.

मग नाइलाजाने हळू खेळू लागलो, आणि गेम उलगडला. एकाच बटणाच्या घावांची माळ ही मी समजत होतो तशी सरळ नाही. शेवटच्या घावांच्या वेळी कंट्रोलरची दिशा देणारी स्टिक कुठे वळलेली आहे, त्यावर माळेचा शेवट बदलतो. एक शेवट शत्रूला हवेत उडवतो, आणि तिथून पुढची माळ ओवता येते. श्वासतंत्राच्या विशेष वारांना वेगळे बटण आहे, त्यांची पट्टी आपोआप भरत राहते, आणि साध्या घावांच्या शेवटाला तो वार जोडला की शत्रूला उसंत मिळत नाही. साथीदाराला नेमक्या वेळी हाक मारली तर तो आपली चूक झाकतो. शिनोबू या तलवारबाज पात्राची तलवार राक्षसाचे मुंडके उडवू शकत नाही, म्हणून ती विष वापरते. इथेही तिचे विष हळूहळू आयुष्य कुरतडत राहते, म्हणजे तिच्याशी खेळताना टोचून दूर जाणे हीच रीत. हे सगळे सरावविभागात पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते, कारण वाचल्यावाचून चालत होते.

सगळ्यात मोठा फरक बॉसच्या, म्हणजे प्रकरणातल्या मुख्य शत्रूच्या, लढायांत दिसला. ठरावीक टप्प्यावर बॉसच्या अंगावर तेज चढते आणि तो आपले घाव खाऊनही ढळत नाही. कुटणारा खेळाडू तिथे हमखास फसतो. आता मी तेवढा वेळ मागे राहतो, त्याचा मोठा वार अंगावरून जाऊ देतो आणि तो दमला की पुढे होतो. रुईवर जूनमध्ये मला कशीबशी मधली श्रेणी मिळाली होती. जुलैत त्याच लढाईत एस, म्हणजे सर्वांत वरची, श्रेणी मिळाली, तीही तर्जनीने. रेन्गोकू आणि आकाझाच्या लढाईसाठी मात्र श्रेणीचा विचार कोणी करू नये. शेवट काय होणार हे माहीत असूनही, पडद्यावर दाखवलेली बटणे दाबताना माझा हात थोडा जडच पडला.

म्हणून ‘उथळ’ हा शब्द मागे घेतो, पण पूर्ण नाही. आळशीपणा माझा होता हे खरे, तरी कथाविभागाचे निम्मे अंतर खेळाडूला काहीही न शिकवता पार होऊ देणे हा रचनेतला दोषच आहे. ज्या गेमचा नायक डोंगरावर दोन वर्षे घाम गाळून तलवार शिकतो, त्याने खेळणाऱ्याकडून थोडी तरी मेहनत करून घ्यायला हवी होती. ऑनलाइन सामन्यांबद्दल मी काही लिहीत नाही; चार खेळून सोडून दिले. या गेमची मजा शेजारी बसून चिडवणाऱ्या माणसाबरोबर आहे.

शेवटी कंट्रोलर बाजारातल्या एका जुन्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर नेला. त्या काकांनी सात स्क्रू काढून तो उघडला आणि बटणांखालचे रबराचे पॅड चिमट्याने उचलून दिव्याखाली धरले. पॅडवर चार छोटे फुगवटे, प्रत्येकाच्या पोटात कार्बनची काळी टिकली. तीन टिकल्या काजळासारख्या दाट. चौथीचा मध्य पार उडालेला, भोवती फक्त राखाडी कडे उरलेले, आणि खालच्या पट्टीवर तिचीच काळी भुकटी. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “साहेब, बाकीची तीन कशाला असतात, माहीत आहे ना?”

पॅडचे ४० रुपये, मजुरीचे १२०. वेळ पंधरा मिनिटे. सेवा केंद्राचे १९ दिवस मी त्यांना सांगितले, तेव्हा ते फक्त हसले.

हल्ला पुन्हा अंगठ्याखाली आणला आहे, तरी अधूनमधून तर्जनी आपसूक आवळली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला दुसरा भाग इच्छायादीत टाकून ठेवला आहे. त्यात मनोरंजन वस्तीपासून पुढची कथा आहे आणि पात्रे चाळीसच्या वर आहेत. किंमत निम्म्यावर आली की घेईन. गणपतीला भाचा येणार आहे, म्हणून काकांकडून रबराचे दोन पॅड मात्र आताच जास्तीचे आणून ठेवले आहेत.