मालकाला तुरुंग की मालकाकडून वसुली?

मुंबईत मदनपुऱ्यातल्या बॅगांच्या किंवा गोवंडीतल्या जरीच्या कारखान्यातून मूल सोडवलं की मालकाविरुद्ध दोन वाटा असतात.

पहिली फौजदारी. बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं हा दखलपात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, ही जरब खरी आहे. पण खटला साक्षीवर चालतो आणि साक्षीदार असतं ते मूल. ते एव्हाना बिहारमधल्या गावी परत गेलेलं असतं. तारखा पडत राहतात, आणि दंडही दोष सिद्ध झाल्यावरच.

दुसरी वाट थेट पैशांची. 1996 मध्ये एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की धोक्याच्या कामाला ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने 20 हजार रुपये कल्याण निधीत भरावेत. त्याच्या व्याजातून मुलाचा खर्च चालावा. इथे कैदेची शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही. दोष एकच, पण मोठा: इतक्या वर्षांपूर्वीची रक्कम आज मुंबईतल्या कारखानदाराला धंद्याचा खर्च वाटेल.

तरीही मला वसुली आधी हवी, रक्कम आजच्या भावाने वाढवून. मुलाला शाळेसाठी पैसा यंदा लागतो. मात्र बंद खोलीत कोंडलेली, मारलेली मुलं सापडली, तर तिथे पैशांवर मिटवणं मला मान्य नाही. तिथे तुरुंगच.