चॉपर सोडून सिलिकॉनचा झुलता क्रिस्टल वापरला, माझा रिव्ह्यू

सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन गोल रिंगमध्ये पळवून एक्स-रे काढणारं यंत्र) टाइम-रिझॉल्व्ह्ड, म्हणजे झरझर होणारे बदल क्षणाक्षणाला टिपणारे, प्रयोग करणाऱ्यांसाठी लिहितेय. आधी मी जिथे होते तिथे एक्स-रेच्या एकामागून एक येणाऱ्या पल्समधून (झटक्यांमधून) हवा तो निवडायला चॉपर होता, म्हणजे गरगर फिरणारी चकती आणि तिच्यात बारीक फट, आणि ऐन बीमटाइममध्ये, म्हणजे प्रयोगासाठी मिळालेल्या मोजक्या वेळेत, त्याचं बेअरिंग गेलं, दोन शिफ्ट वाया, रडूच आलं होतं मला. त्यामुळे शिकागोजवळच्या अर्गॉन लॅबवाल्यांनी बनवलेला हा मेम्स (चिपसारखं घडवलेलं सूक्ष्म हलतं यंत्र) क्रिस्टल पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, एवढासा जीव हे काम करणार कसा?

पण करतो हो! सिलिकॉनचा तुकडा मिलिमीटरहून लहान, बाजूला कंगव्यासारखे बारीक दाते, त्यांना व्होल्टेज दिलं की तो झुलतो. पूर्ण गोल फिरत नाही, थोडा इकडे थोडा तिकडे. लहानपणी आरसा हलवून भिंतीवर कवडसा पाडायचो ना, तसंच, फक्त इथे एक्स-रे परततो तो ब्रॅगच्या कोनालाच (क्रिस्टलच्या अणूंच्या थरांवरून ज्या ठरावीक कोनात परततो तो), आणि त्या कोनात डिग्रीच्या काही हजाराव्या भागाएवढीच मुभा. क्रिस्टल तिथून सर्रकन जातो तेवढे मोजके नॅनोसेकंद दार उघडं, बाकीचे पल्स सरळ निघून जातात.

मला सगळ्यात आवडलं ते फ्रिक्वेन्सीचं गणित. अर्गॉनमधल्या एपीएस या सिंक्रोट्रॉनची रिंग ११०४ मीटरची, इलेक्ट्रॉनची एक फेरी ३.६८ मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाला साधारण २ लाख ७१ हजार फेऱ्या. क्रिस्टल एका झोक्यात तो कोन दोनदा ओलांडतो, जाताना एकदा येताना एकदा, म्हणून त्याला बरोब्बर निम्म्या फ्रिक्वेन्सीला झुलवायचं की दर फेरीला एकच पल्स, आणि तोही तोच. २४ बंचच्या मोडमध्ये, म्हणजे रिंगमध्ये इलेक्ट्रॉनचे २४ पुंजके फिरायचे तेव्हा, दोन पल्समध्ये १५३ नॅनोसेकंद असायचे, तेवढ्यातून एक वेचणं याला जड नाही, २०१९ मध्ये तर त्यांनी ३०० पिकोसेकंदांची खिडकी, म्हणजे दार उघडं राहण्याचा वेळ, दाखवली. अप्रतिम काम आहे.

आता अडचणी. बीम आधी मोनोक्रोमॅटिक (एकाच तरंगलांबीचा) हवा, आणि बारीक करून त्या तुकड्यावर नेमका बसवायला लागतो, इथे घाई अजिबात करू नका. हवेचा अडथळा होतो, व्हॅक्यूममध्ये जास्त छान झुलतो. वेगात क्रिस्टल किंचित वाकतो, मग खिडकी रुंदावते. पिंक बीमवर (अनेक तरंगलांबींच्या बीमवर) काम असेल तर चॉपरच ठेवा.

इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर जाणारे पुण्याचे मित्र विचारतात, आपल्याकडे चालेल का? ती रिंग १७२ मीटरची, फेरीचा वेळ वेगळा, म्हणजे हाच आयता नेऊन चालणार नाही, तिथल्या तालाला जुळेल असा नवा घडवायला लागेल.